आखाड आणि आबांचं काळीज

आखाड लागला की आमच्या गल्लीत दिवस सत्तुराच्या आवाजानं उजाडतो. खट्ट, खट्ट, खट्ट. लाकडाच्या ठोकळ्यावर हाड तुटतं तेव्हाचा आवाज कानात शिरत नाही, दातांत शिरतो. श्रावण तोंडावर आलेला असतो आणि त्याआधीचे रविवार सगळं कोल्हापूर अशा ईर्षेनं खातं की जणू पुढं कधी मिळणारच नाही. गल्लोगल्ली मंडप, भावकीची जेवणं, देवीच्या नावानं पडलेली बकरी, भल्या मोठ्या पातेल्यांत रटरटणारा तांबडा रस्सा. गटारीतलं पावसाचं पाणी लाल होऊन वाहतं आणि कुत्री त्या पाण्यावरनं एकमेकांची नरडी धरतात.

यंदाही लागलाय. काल कॉलेजवरून परतताना स्कूटर गल्लीत वळवली आणि भाजल्या कांद्या-खोबऱ्याचा तो वास आला. या वासानं लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. माझ्या तोंडात मात्र रक्ताची खारट चव येते. त्या एका आखाडात माझा ओठ फुटला होता. टाके पडले नाहीत, खूणही राहिली नाही. चव मात्र राहिली.

आबा म्हणजे माझे वडील, रंगराव. तरुणपणी लाल मातीत नाव काढलेले पैलवान. पुढं कुस्ती सुटली, मग म्हशी पाळल्या. चौकात म्हैस उभी करून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून द्यायचे. हमीदचाचा त्यांचा तालमीतला जोडीदार. चाचांचं मटणाचं दुकान आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. दोघं एकाच मातीत लोळले, एकाच थाळीत जेवले आणि आयुष्यभर एकमेकांना शिवी दिल्याशिवाय हाक मारली नाही. ‘हम्या’ आणि ‘रंग्या’ ही त्यातली सभ्य नावं.

आबांचा सगळा अभिमान अंगात होता. छाती, मांड्या, मान. त्या अंगाला काय लागतं हे त्यांना तालमीत एकदा शिकवलं गेलं आणि ते त्यांनी साठी उलटली तरी सोडलं नाही. सकाळी तांब्याभर दूध, दुपारी भाकरीवर लोण्याचा गोळा, आठवड्यातनं निम्मे दिवस मटण. चरबीचा तुकडा ते आधी खायचे, मग बाकीचं. भाजी हा त्यांच्या लेखी ताटातला कचरा होता. आई पालेभाजी वाढायची तेव्हा ते ती बोटानं कडेला सारायचे, माशी सारावी तशी.

त्या वर्षी उन्हाळा सरता सरता त्यांना झटका आला. धार काढत होते. कळ उठली तशी बादली कलंडली, आबा म्हशीच्या पायांत कोसळले आणि बावरलेल्या म्हशीनं पाय ठेवला तो त्यांच्या मनगटावर. मनगट मोडल्याचं त्यांना कळलंही नाही, एवढी छातीतली कळ मोठी होती. हमीदचाचा दुकान तसंच उघडं टाकून धावत आले. बकरी आणायचा टेम्पो दारात लावला, आबांना पेंढ्यावर आडवं घातलं आणि सिग्नल न बघता दवाखाना गाठला. मी मागं बसले होते. टेम्पोच्या फळीवर डोकं आपटून घेत आबा ओरडत होते, “हम्या, छातीवर कोण बसलंय रं? उठीव त्याला!” चाचा पुढनं ओरडत होते, “गप पड, मुडद्या! बोलू नगस!”

मग छाती उघडली त्यांची. छातीचं हाड करवतीनं उभं कापतात, फासळ्या दोन्ही बाजूंना ताणून धरतात आणि पायातली शीर काढून काळजावर शिवतात. कुस्तीत ज्या छातीवर कुणाचा गुडघा टेकला नाही असं आबा सांगायचे, ती अशी उघडावी लागली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण धडधडीत बोलायच्या. घरी सोडायच्या दिवशी त्यांनी आम्हाला समोर बसवलं. आबा, आई, मी, आणि मागं भिंतीला टेकून चाचा. “गोळ्या आयुष्यभर चालू राहतील, पण नुसत्या गोळ्यांवर भागणार नाही. मटण, लोणी, तूप बंद. डाळी, उसळी, पालेभाज्या, फळं, ज्वारी-नाचणीची भाकरी. मीठ कमी. रोज चालायचं. शिवलेल्या नव्या शिरांतपण तोच गाळ साचू शकतो, आणि पुन्हा छाती उघडायची वेळ आली तर मी काही सांगू शकत नाही.” मग त्यांनी आबांकडं बघितलं. “कळलं का, काका?”

आबांनी मान हलवली. मऊ, आज्ञाधारक मान. आम्ही तिघांनी ती बघितली.

घरी आल्यावर आठवडाभर आबा गप्प होते. मग अंगात रग आली आणि घराचं रणांगण झालं. पहिल्यांदा दोडक्याची भाजी गेली, ताटासकट अंगणात. मग मुगाची उसळ भिंतीवर. एकदा तर गरम आमटीचं पातेलं त्यांनी लाथेनं उडवलं, ते आईच्या पायाला चाटून गेलं आणि घोट्यावर फोड आले. मी दवा लावत होते तर आबा उंबऱ्यात उभे राहून ओरडत होते, “म्हशीला घालतो त्येच मला घालताय व्हय? मी काय गोठ्यात बांधलोय?”

आई उठली. एक पाय उचलून धरलेला, पदर खोचलेला. “म्हैस त्येच खाऊन तुमच्यापेक्षा दांडगी हाय की. आणि ती लाथ मारत न्हाय.”

“तोंड लई चालाय लागलंय तुझं.”

“चालणारच. टेम्पोच्या मागं मी रस्त्यानं अनवाणी पळालतो, ते तुमास्नी कुठं दिसलं? मारायचं तर मारा. पर ह्या घरात मटण चुलीवर चढणार न्हाय. मी मेलो तरी न्हाय.”

आमच्याकडच्या बायका रागात असं पुरुषासारखं बोलतात. आबांनी हात उचलला नाही. त्यांनी फळीवरची कपबशांची रांग कोपरानं एका झटक्यात खाली ओढली. सगळ्या फुटल्या. आईनं काचा गोळा केल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पोकळ्याची पालेभाजी शिजवली.

आता मला वाटतं, तो राग भाजीवर नव्हताच. ताटात पाला आला, म्हणजे आपण म्हातारे झालो, असं त्यांना वाटत होतं. पैलवानाला म्हातारपण कुणी शिकवत नाही. हरायचं कसं ते शिकवत नाहीत. चवळीची उसळ समोर आली की त्यांना ती मातीत पाठ टेकल्यासारखी लागायची आणि ते उसळून उठायचे.

त्या सगळ्या दिवसांत आई शांतपणे शिकत होती, हे आमच्या उशिरा ध्यानात आलं. शिरोळच्या मामांनी ज्वारी आणि हुलगे पाठवले. हुलग्याचं माडगं, जवसाची चटणी, चाकवत, शेवग्याचा पाला. मीठ कमी पडलं तिथं लिंबू, तेल कमी पडलं तिथं भाजलेल्या लसणाचा ठेचा. ती प्रत्येक वाटी युद्धावर पाठवल्यासारखी ताटात ठेवायची आणि ती अंगणात पडली की पुढची भरायची.

मग आखाड लागला.

रविवारची सकाळ होती. पाऊस पिरपिरत होता. आबांनी शर्ट चढवला, पिशवी घेतली आणि निघाले. आईनं मला डोळ्यानं खुणावलं, तशी मी मागनं निघाले. ते थेट चाचांच्या दुकानाकडं. गर्दी होती. आकड्यांना बकरी टांगलेली, चाचांचे हात कोपरापर्यंत लाल. आबा रांग मोडून पुढं घुसले.

“हम्या, मांडीचं दे. चरबीसकट.”

चाचांनी वर बघितलं नाही. सत्तूर चालूच. “तुला न्हाय.”

“काय?”

“तुला न्हाय देणार म्हटलो. घरी जा.”

रांगेतली माणसं हसली. आबांचा चेहरा भाजल्यासारखा झाला. “समद्या गावाला इकतोस, आणि मला न्हाय? माझा पैसा काय जळालाय?”

आता चाचांनी सत्तूर थांबवला. “त्या डॉक्टरीणबाईसमोर तू मान हलवलीस. मी बघितली. माझ्या दुकानातलं खाऊन तू मेलास, तर मी कुणाच्या दारात जाऊ? वैनीला काय तोंड दाखवू?”

“तुझ्या उपकारावर जगत न्हाय मी, खाटका!”

त्यांच्या सगळ्या शिव्यांत हा शब्द कधी नव्हता. चाचांचा चेहरा बदलला. आबांनी फळीवरनं हात घालून मांडीचा तुकडा उचलला, चाचांनी त्यांचं मनगट धरलं. तेच मोडलेलं मनगट. आबा कळवळले आणि दुसऱ्या हातानं त्यांनी ठोसा मारला. साधा ठोसा नव्हता तो. त्यात सगळे रविवार होते, सगळे दोडके होते. मला एवढंच दिसलं की चाचांनी ठोसा येताना बघितला आणि हातातला सत्तूर मागं दूर फेकून दिला. हात वर केलाच नाही. ठोसा लागला, चाचा मागं आदळले, तराजूच्या कडेवर भुवई फुटली आणि तोंडभर रक्त झालं.

इथंच संपलं असतं. दोघं शिव्या देत दवाखान्यात गेले असते. पण त्या दिवशी रस्त्यावरनं बाहेरच्या तरुणांचं एक टोळकं गाड्यांवरनं चाललं होतं. त्यांनी काय बघितलं? मटणाचं दुकान, दुकानावर चाचांचं नाव, जमिनीवर पडलेला सत्तूर आणि शर्टावर रक्ताचे शिंतोडे घेऊन उभा असलेला आमचा म्हातारा. कुणीतरी ओरडलं, “आपल्या माणसावर सत्तूर काढला!” बास. एवढंच लागलं.

गाड्या आडव्या पडल्या. पत्रा खेचून काढला, काच फुटली, टांगलेली बकरी ओढून चिखलात टाकली. चाचांना पाय धरून फरफटत बाहेर ओढलं आणि लाथा सुरू झाल्या. एक जण एका हातानं मोबाइल धरून चित्रण करत होता आणि पायानं मारत होता. रांगेतली माणसं पळाली. मी किंचाळत होते, पण माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

आणि आबा चाचांवर पडले.

पडले म्हणजे कोसळले नाहीत. मातीत जोडीदाराला झाकावं तसे चारी बाजूंनी त्यांच्यावर पसरले. नुकतंच जुळलेलं छातीचं हाड, आणि त्याच्यावर बरसणाऱ्या लाथा. त्यातनं त्यांचा आवाज फुटला, तसा मी पूर्वी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. “मी मारलंय त्याला! मी! माझा दोस्त हाय त्यो! तुमी कोण रं? तुमी कोण?”

कुणी ऐकत नव्हतं. मी एका आडव्या पडलेल्या गाडीचं हेल्मेट उचललं आणि समोर आला त्याच्या पाठीत घातलं. पुन्हा घातलं. तो वळला, त्याचं कोपर माझ्या तोंडावर बसलं. ती चव तेव्हाची. तरी मी हेल्मेट सोडलं नाही. मी कॉलेजात शिकवते, फळ्यासमोर आवाज चढवत नाही, पण त्या क्षणी हेल्मेट हाडावर बसल्याचा आवाज मला गोड लागला. माणसाच्या आत काय काय भरलेलं असतं, ते मला तेव्हा कळलं.

तालमीतली माणसं धावत आली तेव्हा टोळकं पांगलं. आबांनी चाचांना बसतं केलं. दोघंही चिखलानं, रक्तानं माखलेले. कुणाचं कुठलं, आणि बकऱ्याचं कुठलं, ओळखू येत नव्हतं. आबांचा एक हात छातीवर होता, ओठ पांढरे पडलेले. चाचांनी एका डोळ्यानं त्यांच्याकडं बघितलं. दुसरा बंद झाला होता.

“दुखतंय?” चाचांनी विचारलं.

“न्हाय.”

“खोटं बोलतोस.”

“वाईच दुखतंय.”

“चल मग, रेड्या, दवाखान्यात.”

दवाखान्यात पोलीस आले. तक्रार कुणाविरुद्ध, असं विचारलं. चाचांच्या डोक्याला पट्टी होती, दोन फासळ्या मोडल्या होत्या. ते म्हणाले, “दुकान ज्यांनी फोडलं, त्यांच्याविरुद्ध ल्ह्या. आणि ही भुवई... ही आमच्यातली हाय. ही ल्ह्यायची न्हाय.”

आबांचं काळीज शाबूत होतं. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं आणि मग इतक्या ओरडल्या की वॉर्ड शांत झाला. संध्याकाळी आम्ही घरी आलो. आईनं ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पोकळ्याची भाजी. आबांच्या नखांत अजून रक्त होतं. ते बसले आणि खाऊ लागले. आवडून नव्हे. एकेक घास असा चावत होते की जबड्याची शीर ताठ उठत होती. खाली मान घालून, कुणाचा तरी सूड घेतल्यासारखं त्यांनी ताट संपवलं. आईनं ताट उचललं, आत गेली आणि चुलीपाशी उभी राहून तोंडात पदर कोंबून रडली.

त्यानंतर चाचा रोज दिवे लागायच्या वेळी यायला लागले. भुवईवर टाके, फासळ्यांना पट्टा. आबांसमोर मांडी घालून बसायचे आणि ताट संपेपर्यंत उठायचे नाहीत.

“ती कारल्याची फोड ऱ्हायली.”

“तूच खा की.”

“मला काय धाड भरलीय? मी काटकुळा माणूस. मला काय होतंय.”

आई त्यांना ताट करू लागली की हात जोडायचे. दुकानातनं खाऊन आलोय, म्हणायचे. छातीत जळजळतंय म्हणून सोडा प्यायचे, ढेकर द्यायचे आणि आबांना दम द्यायचे. अंगानं शिडशिडीत, सकाळपासून उभ्यानं राबणारा माणूस. दवाखान्यानं झपाटलेले आम्ही सगळे आबांकडं बघत होतो. चाचापण आबांकडंच बघत होते.

आबा बदलले, पण हळूहळू आणि कुरकुरत. पोट उतरलं, धाप कमी झाली, रक्तदाब खाली आला तशी डॉक्टरीणबाईंनी एक गोळी कमी केली. पुढच्या चैत्रानंतर ते जोतिबाचा डोंगर चढले, थांबत थांबत, पण पायी. वर पोचल्यावर गुलालानं माखलेल्या दगडावर बसून त्यांनी पिशवीतनं भाजलेले शेंगदाणे आणि काकडी काढली. चाचा सोबत होते. अर्ध्या वाटेवर तेच दोनदा बसले होते, डाव्या खांद्याला चोळत. “टाके घातल्यापास्नं अंग धरतंय,” म्हणाले. आम्ही मानलं.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी दुकान उघडता उघडता चाचा शटरखाली बसले ते उठलेच नाहीत. आबा चौकात धार काढत होते. ते पळाले. जोतिबाच्या डोंगराला सरावलेल्या पायांनी ते म्हातारे आबा पळाले, आणि तरी उशीर झाला होता. दवाखान्यात सांगितलं, शिरा कधीपासून तुंबलेल्या असणार. चाचांची छाती कुणी कधी तपासलीच नव्हती.

आबांनी त्या दिवसानंतर जेवण टाकलं. दूध न्हाय, भाजी न्हाय, काही न्हाय. गोठ्यातल्या खांबावर डोकं आपटायचे. आईनं पुढं ठेवलेलं ताट पुन्हा अंगणात जायला लागलं. एकदा त्यांनी गोळ्यांची पाकिटं गटारीत फेकली, तेव्हा मी त्यांच्या खांद्याला धरून गदगदा हलवलं. ते हलले. ज्यांना कुणी हलवू शकत नव्हतं, ते आबा माझ्या हातात पोत्यासारखे हलले.

चाळिसाव्याला चाचींनी आम्हाला बोलावलं. चाची म्हणजे हमीदचाचांची बायको, हळू बोलणारी बाई. अंगणात मांडव, नातलगांच्या पंगती, मोठ्या देगीत मटण. आबांना त्यांनी आतल्या खोलीत बसवलं. वेगळ्या भांड्यातनं वाढलं: चण्याची डाळ, दुधी आणि चिंच घातलेला दालचा. त्यात मटणाचा तुकडासुद्धा नव्हता.

आबांनी ताटाकडं बघितलं आणि मूठ आवळली. मग ती मूठ त्यांनी स्वतःच्या छातीवर मारली. जोरात. त्या उभ्या व्रणावर. पुन्हा मारली. “हे का चालू हाय अजून? हे का बंद पडंना? त्याचं का पडलं?” मी धरायला धावले, आईनं हात पकडला, पण त्यांच्या अंगात कुठनं ताकद आली कुणास ठाऊक, ते आम्हा दोघींना झुगारून छाती कुटत राहिले. मांडवातली माणसं दारात जमली.

चाची त्यांच्या समोर खाली बसल्या. हात धरला नाही. डोक्यावरचा पदर सावरला आणि नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाल्या, “भाई, त्या काळजाला मारू नका. त्यांनी स्वतःचं न्हाय राखलं. एवढं एकच राखलं त्यांनी.”

मूठ वरच्या वर थांबली. मग बोटं सुटली. त्यांनी भाकरी मोडली, दालच्यात बुडवली आणि तोंडात घातली. चावायला वेळ लागला, गिळायला त्याहून जास्त.

दुसरा घास घेतला. तिसरा. डोळ्यांतलं पाणी मिशीवरनं ताटात पडत होतं आणि ते त्याच्यासकट खात होते. वाटी रिकामी झाली, तशी त्यांनी ती दोन्ही हातांत धरून चाचींपुढं केली.

“वैनी,” आबा म्हणाले, “अजून वाढा.”